योरीकाठची लढाई (1800) धर्मयुद्ध होती का?

1800 साली जॉर्जियातील योरी नदीकाठी दागेस्तानमधील अवार या डोंगरी मुस्लिम लोकांच्या उम्मा खानाची स्वारी परतवली गेली, ते धर्मयुद्ध मानावे का, असा आपला प्रश्न आहे. माझे स्पष्ट मत असे की, तसे मानल्यास लढाईचा गाभाच हातून निसटतो.

दागेस्तानच्या डोंगरांतून पूर्व जॉर्जियातील काखेतीच्या द्राक्षमळ्यांवर अठराव्या शतकभर धाडी पडत. गुराढोरांबरोबर माणसेही पळवून गुलाम म्हणून विकली जात. खुद्द उम्मा खानाने 1785 मध्ये अख्तालाच्या खाणी उद्ध्वस्त केल्या आणि जॉर्जियाचा राजा एरेक्ले दुसरा याच्याकडून वार्षिक खंडणी कबूल करून घेतली. 1795 मध्ये इराणच्या आगा मुहम्मद खानाने राजधानी तिबिलिसी लुटून जाळल्यावर राज्य पार खिळखिळे झाले.

मात्र 1800 च्या स्वारीत खानाच्या छावणीत एरेक्लेचाच मुलगा अलेक्सांद्रे होता. सावत्र भाऊ गिओर्गी बारावा गादीवर बसला आणि त्याने रशियन फौज राजधानीत आणली, हे त्याला मान्य नव्हते. समोर जॉर्जियन सैन्याचे नेतृत्व करत होते गिओर्गीचे मुलगे इओआने आणि बगरात, म्हणजे अलेक्सांद्रेचे सख्खे नसले तरी पुतणेच. दोन्ही बाजूंना एकाच घरातले ख्रिस्ती राजपुत्र असताना केवळ धर्माच्या आधारे या लढाईचा उलगडा होत नाही.

जुन्या रशियन दिनदर्शिकेनुसार 7 नोव्हेंबरला (आजच्या गणनेने 19) काकाबेती गावाजवळ गाठ पडली. डोंगरी घोडदळाची सारी भिस्त वेगावर आणि पहिल्या धडकेवर होती. लाझारेव आणि गुल्याकोव या रशियन सेनानींच्या शिस्तबद्ध पायदळापुढे व तोफांच्या माऱ्यापुढे उघड्या मैदानात ती धडक फुटली. विजयी पक्षाने दिलेले शत्रूच्या मृतांचे आकडे मात्र मी जपूनच वापरीन. उम्मा खान पुढच्याच वर्षी बेलोकानीला वारला.

खरा निकाल तिकडे पीटर्सबर्गमध्ये लागला. गिओर्गीने डिसेंबरअखेर प्राण सोडला, त्याआधीच झार पावेलने राज्य रशियात विलीन करण्याच्या जाहीरनाम्यावर सही केली होती. गिओर्गीची विधवा राणी मरियम हिला 1803 मध्ये रशियात नेण्यासाठी लाझारेव स्वतः तिच्या महालात गेला, तेव्हा तिने त्याला खंजिराने ठार केले. अलेक्सांद्रे मात्र त्यानंतरही अनेक वर्षे इराणच्या आश्रयाने रशियाविरुद्ध लढत राहिला.