दाढी केली की मानेला आग होते आणि बारीक लाल पुरळ उठतं, काय करावं? (सांगली)

भावा, गालाला काही होत नाही अन् मानेलाच होतंय म्हणजे बहुतेक तू तिथं खालनं वर उलटं ब्लेड मारतोयस. मानेवरचे केस सगळे एका दिशेला नसतात, कानाखाली वेगळे, कंठाजवळ वेगळे, दाढी दोन दिवसांची झाली की बोट फिरवून बघ, जिकडं गुळगुळीत लागतंय तिकडंच ब्लेड फिरवायचं आणि कातडी ताणायची नाही, ताणून कापलेला केस आत जातो अन् वाढताना आतच वळतो, ते फोड त्याचेच.

दाढी आंघोळीनंतर कर, केस मऊ पडतात. घरात बोअरचं पाणी असेल तर फेसच धड होत नाही, दाढीपुरतं तांब्याभर नळाचं पाणी कोमट करून घे. ५ ते ७ वेळा झालं की ब्लेड बदल, चालतंय अजून म्हणून महिनाभर ओढू नको. नंतर गार पाणी आणि साधं बिनवासाचं मॉइश्चरायझर, बास. तुरटी चालते पण हलक्या हातानं, घासायची नाही. स्पिरिटवालं आफ्टरशेव्ह मात्र सलूनवाल्यानं कितीही आग्रह केला तरी नको म्हण.

फोडात पू धरला तर दाढी बंद आणि सरळ स्किनच्या डॉक्टरकडं.