कर्ज कुणी वाढवले? ठाणे-नवी मुंबईच्या वाचकांचे प्रश्न

या खेपेच्या पत्रांत देशावरच्या कर्जाचा आणि त्यावरून चाललेल्या पक्षीय भांडणाचा विषय इतक्यांदा आला, की सगळे सदर त्यालाच दिले आहे. वेगळे सांगितले नसेल तिथे आकडे २०२५-२६ च्या मूळ अर्थसंकल्पांतले आहेत.

प्रश्न (नौपाडा, ठाणे) : आमच्या सोसायटीच्या कट्ट्यावर एक गट म्हणतो, २०१४ पासून देशाचे कर्ज तिप्पट झाले. दुसरा म्हणतो, जीडीपीच्या तुलनेत ते फारसे वाढलेलेच नाही. खरे कोणाचे?

उत्तर : आकडे दोघांचेही खरे आहेत आणि दोघेही अर्धेच सांगतात. केंद्र सरकारची देणी मार्च २०१४ अखेर, मोजण्याच्या पद्धतीनुसार, ५५ ते ५९ लाख कोटी रुपये होती. मार्च २०२५ अखेर ती सुमारे १८१ लाख कोटी झाली. तिप्पट झाली हे खरेच. पण त्याच काळात जीडीपीही (देशात वर्षभरात झालेल्या उत्पादनाची एकूण किंमत) चालू किमतींना, म्हणजे महागाई धरून, जवळपास तिप्पट झाला. त्यामुळे कर्जाचे जीडीपीशी प्रमाण २०१३-१४ मध्ये ५२.२ टक्के होते, ते २०१८-१९ मध्ये ४८.१ पर्यंत उतरले, कोविडच्या २०२०-२१ मध्ये ६१.४ वर गेले आणि २०२४-२५ मध्ये ५७ च्या आसपास होते.

म्हणून ‘तिप्पट’ एवढेच सांगणारा जीडीपी लपवतो, आणि ‘प्रमाण तेवढेच’ म्हणणारा कायदा लपवतो. सरकारच्या तुटीला आणि कर्जाला मर्यादा घालणाऱ्या वित्तीय उत्तरदायित्व कायद्यात २०१८ साली दुरुस्ती झाली. तिच्यानुसार केंद्राचे कर्ज २०२४-२५ अखेर जीडीपीच्या ४० टक्क्यांवर यायला हवे होते. ते आले नाही. आता लक्ष्य मार्च २०३१ पर्यंत ५० टक्के, एक टक्का कमी-जास्त, असे पुढे ढकलले आहे. सगळा दोष कोविडवर टाकणेही बरोबर नाही. सप्टेंबर २०१९ मध्ये कंपन्यांवरचा प्राप्तिकर कमी केला, तेव्हा सरकारनेच वर्षाला १.४५ लाख कोटींचा महसूल बुडेल असे सांगितले होते.

आता दुसऱ्या बाजूचे. या कायद्याचे विधेयक वाजपेयी सरकारने २००० साली आणले, २००३ मध्ये ते मंजूर झाले आणि जुलै २००४ मध्ये मनमोहनसिंग सरकारच्या काळात कायदा लागू झाला. २००७-०८ मध्ये राजकोषीय तूट (जमेपेक्षा जास्त झालेला, कर्जाने भागवावा लागणारा खर्च) जीडीपीच्या २.५ टक्क्यांपर्यंत आली होती. पुढच्याच वर्षी ती ६ टक्क्यांवर गेली. जागतिक मंदी आली हे खरे, पण शेतकरी कर्जमाफी फेब्रुवारी २००८ च्या अर्थसंकल्पातच जाहीर झाली होती, सहावा वेतन आयोगही त्याच वर्षी लागू झाला. तेल कंपन्यांना रोख अनुदान देण्याऐवजी रोखे, म्हणजे पैसे नंतर देण्याचे सरकारी कर्जपत्र, दिले गेले. त्यांची मुद्दल पुढच्या सरकारांच्या गळ्यात पडली. तेच पुढेही झाले. अन्न महामंडळाचे अनुदान बरीच वर्षे अल्पबचतीच्या निधीतून कर्ज काढून भागवले जात होते, म्हणजे तूट कागदावर कमी दिसत होती. २०२१ च्या अर्थसंकल्पात ते हिशेबात आणले, हे चांगले झाले.

कट्ट्यावर एक गणित मांडून पाहा. जीडीपी १०० रुपये, कर्ज ५७. २०२५-२६ ची तूट जीडीपीच्या ४.४ टक्के. चालू किमतींना जीडीपी १० टक्क्यांनी वाढला तर तो ११० होतो, तूट ४.८४, कर्ज ६१.८४ आणि प्रमाण ५६.२ टक्के; म्हणजे उतरले. जीडीपी फक्त ७ टक्क्यांनी वाढला तर तो १०७, कर्ज ६१.७१ आणि प्रमाण ५७.७, म्हणजे चढले. तूट तीच, आणि प्रमाण ना चढते ना उतरते अशी मधली रेषा साधारण ८.४ टक्के वाढीवर. यात महागाई धरलेली असते. म्हणून महागाई फार उतरली की सामान्य माणसाला बरे वाटते, पण कर्जाचे प्रमाण उतरणे अवघड होते. प्रचारसभेत हे कोणी सांगत नाही.

प्रश्न (ऐरोली) : पुढारी सांगतात ते आकडे स्वतः तपासायचे तर कोणता कागद उघडायचा?

उत्तर : केंद्राच्या अर्थसंकल्पाच्या संकेतस्थळावर ‘बजेट ॲट अ ग्लान्स’ नावाची छोटी पुस्तिका असते. तिच्या सुरुवातीच्या तक्त्यातले चारच आकडे उतरवून घ्या (२०२५-२६ चे असे) : महसुली जमा ३४.२० लाख कोटी, व्याज १२.७६ लाख कोटी, भांडवली खर्च (रस्ते, रेल्वे अशा टिकाऊ कामांचा) ११.२१ लाख कोटी, राजकोषीय तूट १५.६९ लाख कोटी.

मग दोन गणिते करा. पहिले, व्याजाला महसुली जमेने भागा : सुमारे ३७ टक्के. म्हणजे कर आणि इतर उत्पन्नाच्या प्रत्येक शंभर रुपयांतले ३७ रुपये शाळा, रेल्वे, सैन्य यांना मिळण्याआधीच जुन्या कर्जाच्या व्याजात जातात. आमच्या मते जीडीपीच्या प्रमाणापेक्षा हा आकडा जास्त बोलका आहे, कारण सरकार व्याज भरते ते जीडीपीतून नाही, आपल्या जमेतून. दुसरे, तुटीतून व्याज वजा करा : २.९३ लाख कोटी उरतात. हिला प्राथमिक तूट म्हणतात. त्या वर्षी काढायच्या कर्जापैकी पाचातले चार हिस्से जुन्या कर्जाच्या व्याजाएवढे आहेत, हे त्यावरून कळते.

इथे एक नेहमीची चूक होते. बातमीत ‘सरकार बाजारातून १४.८२ लाख कोटी उचलणार’ असे येते. ती ढोबळ उचल, तिच्यात जुने रोखे फेडण्यासाठी काढलेले नवे कर्जही येते. निव्वळ उचल ११.५४ लाख कोटी आहे. वाढीव कर्ज मोजायचे असेल तर निव्वळच घ्या. तुटीचा बाकीचा भाग मुख्यतः अल्पबचतीतून येतो, म्हणजे पोस्टातल्या तुमच्या-आमच्या पैशांतून.

व्याजावर लोकसभेत मतदान होत नाही, हेही लक्षात ठेवा. घटनेनुसार तो ‘भारित’ खर्च आहे; त्यावर चर्चा करता येते, मत देता येत नाही. म्हणून आज एखादा पक्ष कर्ज काढतो, तेव्हा तो पुढच्या लोकसभेच्या हातातला पैसाही बांधून टाकतो.

प्रश्न (घणसोली, नवी मुंबई) : ‘लाडकी बहीण’मुळे महाराष्ट्र कर्जबाजारी झाला, असे विरोधक म्हणतात. कितपत खरे?

उत्तर : राज्याचे कर्ज मार्च २०२६ अखेर ९.३२ लाख कोटी होईल असा अंदाज २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात होता. ते राज्याच्या स्थूल उत्पन्नाच्या १८.९ टक्के भरते. २५ टक्क्यांची मर्यादा पाहिली तर महाराष्ट्राला आज कर्जबाजारी म्हणणे चूक आहे.

दुखणे महसुली तुटीत आहे. ती ४५,८९१ कोटी आहे, आणि या योजनेसाठी तरतूद ३६,००० कोटींची. महसुली तूट म्हणजे पगार, पेन्शन, अनुदान, व्याज असा चालू खर्च भागवण्यासाठी काढलेले कर्ज. त्यातून ना पूल उभा राहतो ना धरण, पण व्याज तेवढेच लागते. योजना बंद केली म्हणजे सगळे ठीक होईल, असेही नाही. व्याजाचाच वार्षिक खर्च ६० हजार कोटींच्या वर आहे. दीड हजार रुपयांनी एखाद्या घरात गॅस आणि औषधांची सोय होते, ही गोष्ट आम्ही हलकी मानत नाही. आमची तक्रार एवढीच, की पैसा कुठून येणार हे योजना जाहीर करताना सांगितले गेले नाही.

हिशेब सोपा आहे : दर एक कोटी लाभार्थींमागे महिना १,५०० रुपयांनी वर्षाला १८,००० कोटी लागतात. २,१०० केले तर २५,२०० कोटी, ३,००० केले तर ३६,००० कोटी. नोव्हेंबर २०२४ च्या निवडणुकीत महायुतीने २,१०० चे आश्वासन दिले, महाविकास आघाडीने ३,००० चे. म्हणजे जो पक्ष आज कर्जावरून बोट दाखवतो, त्याचे स्वतःचे आश्वासन जास्त महाग होते.

राज्याच्या बाबतीत मार्चच्या अर्थसंकल्पावर थांबू नका. पावसाळी अधिवेशनात पुरवणी मागण्या, म्हणजे अर्थसंकल्पाबाहेरच्या जादा खर्चाच्या मागण्या, येतात, खरा फुगवटा तिथे दिसतो. जुलै २०२४ मध्ये त्या ९४,८८९ कोटींच्या होत्या. अर्थात त्या सगळ्या रोख खर्चाच्या नसतात. काही रक्कम केंद्राकडून परत मिळणारी, काही नुसती जमाखर्चाची असते. म्हणून ‘निव्वळ भार’ किती, तो आकडा शोधा.

प्रश्न (खारघर) : अटल सेतू, मेट्रो यांचे कर्ज या ९.३२ लाख कोटींत येते का?

उत्तर : बहुतांशी नाही. अटल सेतूसाठी जपानच्या जायका संस्थेकडून कर्ज घेतले गेले आणि प्रकल्प एमएमआरडीएचा (मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाचा) आहे. प्राधिकरणे आणि महामंडळे यांची कर्जे त्यांच्या स्वतःच्या हिशेबात राहतात. राज्याने हमी दिली असेल तर ती अर्थसंकल्पाच्या वेगळ्या विवरणपत्रात दिसते. टोल किंवा तिकिटातून हप्ता निघाला नाही, तर मात्र शेवटी भार सरकारवर येतो. येनमधल्या कर्जाचा व्याजदर कमी असतो, पण रुपया येनपुढे घसरला तर फेड महागते. ठाण्याची २९ किलोमीटरची वर्तुळाकार मेट्रो ऑगस्ट २०२४ मध्ये १२,२०० कोटींना मंजूर झाली. तिचे काम जितके रेंगाळेल, तितके व्याज प्रवासी चढायच्या आधीच साठत जाईल. चांगल्या कारणासाठी काढलेले कर्जही असेच बिघडते.

घटनेच्या २९३ व्या कलमानुसार, केंद्राचे कर्ज बाकी असेपर्यंत राज्याला नवे कर्ज काढायला केंद्राची संमती लागते. केंद्र राज्यांना भांडवली कामांसाठी ५० वर्षांचे बिनव्याजी कर्ज देते. २०२५-२६ मध्ये सर्व राज्यांसाठी मिळून १.५ लाख कोटी. पैसा स्वस्त आहे, पण त्यामुळे संमतीची अटही ५० वर्षे कायम राहते. या कलमावरून केरळने केंद्राविरुद्ध दावा लावला आणि एप्रिल २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो घटनापीठाकडे पाठवला.

प्रश्न (वाशी) : मी निवृत्त आहे. १९९१ सारखे सोने गहाण टाकायची वेळ आली तर माझ्या सरकारी रोख्यांचे काय? आणि रोखे थेट घेता येतात का?

उत्तर : १९९१ चे संकट डॉलरचे होते. आयातीसाठी जेमतेम काही आठवड्यांचे परकीय चलन उरले होते. मे महिन्यात चंद्रशेखर सरकारच्या काळात २० टन आणि जुलैमध्ये नरसिंह राव सरकारच्या काळात सुमारे ४७ टन सोने बाहेर गेले. आजचे केंद्राचे कर्ज जवळपास सगळे रुपयांत आहे. ते बँका, विमा कंपन्या, भविष्य निर्वाह निधी आणि रिझर्व्ह बँक यांच्याकडे आहे. रुपयांतले रोखे बुडण्याची धास्ती बाळगायचे कारण दिसत नाही. धोका आहे तो महागाईने व्याजाची किंमत खाण्याचा.

थेट घ्यायचे असतील तर रिझर्व्ह बँकेच्या ‘रिटेल डायरेक्ट’वर खाते विनाशुल्क निघते. पॅन, बचत खाते, केवायसीचा कागद, मोबाइल आणि ई-मेल एवढे लागते. किमान रक्कम दर्शनी १०,००० रुपये. ट्रेझरी बिलांचा (सरकारच्या वर्षभराच्या आतल्या मुदतीच्या कर्जाचा) लिलाव सहसा बुधवारी, केंद्राच्या रोख्यांचा शुक्रवारी, महाराष्ट्रासह राज्यांच्या रोख्यांचा मंगळवारी होतो. राज्यांच्या रोख्यांना केंद्रापेक्षा थोडे जास्त व्याज मिळते. पॅनवरचे आणि बँक खात्यातले नाव अक्षरशः सारखे आहे ना, ते आधी पाहा. नसले तर पडताळणीत अडचण येते. मुदतीआधी विकायची वेळ आली आणि मधल्या काळात व्याजदर वाढलेले असले, तर घेतलेल्या किमतीपेक्षा कमी मिळते. छोट्या रकमेला गिऱ्हाईक लगेच मिळेल याचीही खात्री नसते. औषधपाण्याचा पैसा यात घालू नका, आणि ७५ व्या वर्षी ३० वर्षांचा रोखा घेऊ नका. व्याज दर सहा महिन्यांनी खात्यात जमा होते आणि त्यावर आपल्या टप्प्यानुसार प्राप्तिकर लागतो.