‘मुलगी गोडाऊनमध्ये आहे’ हे सांगायला लाज का वाटावी?

गुरुजी, नमस्कार.

इतर वाचकांसाठी तुमचं पत्र थोडक्यात सांगतो. तुम्ही कराडजवळच्या गावी असता, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झाला आहात. मुलगी 24 वर्षांची, बी.कॉम., 64 टक्के. वर्षभरापासून ती पुण्यात नऱ्ह्याला आहे, साबण-तेलं-उटणी ऑनलाइन विकणाऱ्या एका छोट्या कंपनीच्या गोडाऊनमध्ये. रोज साधारण 180 ऑर्डरी येतात, माणसं सहा, आणि बऱ्याच ऑर्डरी त्या दिवशी निघतच नाहीत. हे सुधारायला मालकांनी तिला तीन महिने दिलेत. तुम्ही विचारता, नोकरी सोडायला लावून बँकेच्या परीक्षांना बसवू, की सहा लाख भरून खासगी कॉलेजात लॉजिस्टिक्सचं, म्हणजे माल साठवण्या-पोचवण्याच्या व्यवस्थेचं, एमबीए करायला लावू?

पत्रात गुण आहेत, पगार आहे, लग्नाच्या बायोडेटात ‘गोडाऊन’ कसं लिहायचं ही चिंता तीनदा आहे. मुलीला काय हवंय, यावर एक ओळ नाही. ‘रात्री फोनवर रॅक आणि लेबलांबद्दलच बोलत बसते’ असं मात्र तुम्ही कुरकुरत लिहिलंय. तिला काय हवंय ते मला त्याच वाक्यात दिसलं. कामाला कंटाळलेली पोरगी रात्री घरी फोन करून रॅकबद्दल बोलत नाही. लोक काय म्हणतील याचं ओझं तुमचं आहे, ते तिच्या डोक्यावर कशाला?

परीक्षांचं एका ओळीत: खुल्या गटात सरकारी बँकांसाठीच्या आयबीपीएस परीक्षांपैकी क्लार्कला 28 आणि पीओला (अधिकारी पदाला) 30 वर्षांपर्यंत बसता येतं, म्हणजे गाडी सुटलेली नाही. एमबीए करायचंच असेल तर कॅट ही प्रवेश परीक्षा देऊन आयआयएम मुंबईसाठी प्रयत्न करावा. 2023 पर्यंत पवईची ‘नीटी’ म्हणून ओळखली जाणारी संस्था ती हीच, आणि या विषयात तिचं नाव आहे. नावापुरत्या पदवीसाठी सहा लाख घालू नका.

आता तुमचा मोठा गैरसमज. ‘खोकी उचलायला बी.कॉम. कशाला?’ असं तुम्ही लिहिता. अहो, अशा गोडाऊनमध्ये वेळ जातो तो चालण्यात आणि शोधण्यात, उचलण्यात फार थोडा. एक ऑर्डर हातात घेऊन माणूस रॅकपर्यंत गेला आणि परत आला की तीन मिनिटं धरा. 180 ऑर्डरींचे झाले नऊ तास. त्याऐवजी 12 क्रेटची ढकलगाडी घ्यायची, प्रत्येक क्रेटला एका ऑर्डरचं लेबल लावायचं आणि एका फेरीत बारा ऑर्डरी उचलायच्या. फेरीला 15 मिनिटं लागली तरी 15 फेऱ्यांचे पावणेचार तास होतात. हे गणित मांडायला आणि सहा माणसांच्या गळी उतरवायला शिकलेलं डोकंच लागतं. आणखी दोन पोरं भरली तर ती त्याच बोळात एकमेकांच्या वाटेत येतील.

हा पुढचा भाग तिला वाचून दाखवा.

पहिला आठवडा काहीही बदलू नकोस, फक्त नोंदी ठेव. ऑर्डर कधी आली, माल कधी उचलला, पॅक कधी झाला, कुरिअरच्या हातात कधी गेला. ऑर्डर नेमकी कुठे अडते ते यातून कळेल. पुष्कळदा ती पॅकिंगच्या टेबलापाशी पडून असते आणि बोलणी मात्र माल उचलणारा खातो.

मग जागा. गेल्या तीन महिन्यांच्या ऑर्डरींवरून सर्वांत जास्त खपणाऱ्या वस्तू काढ आणि त्या पॅकिंगच्या जवळ, कंबर ते खांदा या उंचीवर आण. प्रत्येक कप्प्याला पत्ता दे: बी-03-2 म्हणजे बी रांग, तिसरा रॅक, दुसरा कप्पा. एकाच तेलाची 100 आणि 200 मिलीची बाटली शेजारी ठेवायची नाही. लेबल सारखंच, घाईत हात चुकीच्या बाटलीवर पडतो आणि पार्सल परत येतं. ज्याची मुदत आधी संपते तो माल पुढे. सगळे रॅक एका दमात हलवू नकोस, दुसऱ्या दिवशी कुणालाच काही सापडणार नाही. रोज संध्याकाळी एक रॅक पुरे.

बारा क्रेटची ढकलगाडी वापरताना क्रेटला लेबल नसेल तर बारा ऑर्डरींची भेळ होते, आणि ती निवडण्यात वाचलेला वेळ परत जातो. उचलणारा आणि पॅक करणारा वेगळा ठेव. पॅक करणाऱ्याने बारकोड स्कॅन करूनच खोकं बंद करायचं.

खोक्यांचे तीनच आकार ठेव. कुरिअरवाले साधारणपणे लांबी-रुंदी-उंचीचा सेंटिमीटरमधला गुणाकार 5000 ने भागून येणारं वजन आणि खरं वजन, यातलं जास्त ते धरतात. 600 ग्रॅमचा माल 30×20×15 च्या खोक्यात घातला की वजन लागतं 1.8 किलो. तोच माल 20×15×10 मध्ये बसला तर 0.6. मालकांना हा हिशेब दाखव, बाकीचं ते निमूट ऐकतील.

कॉम्प्युटरवर 12 आणि कप्प्यात शून्य, हा रोग वेगळा. आलेला माल नोंद न करता जमिनीवर ठेवला जातो, कॉम्बो पॅकमधल्या सुट्या वस्तू वजा होत नाहीत, परत आलेली बाटली न तपासता रॅकवर चढते. रोज सकाळी दहा वस्तू मोज. फरक आला की कारण त्याच दिवशी शोध, नुसता आकडा सुधारून पुढे जाऊ नकोस. परत आलेल्या मालाला वेगळा रॅक दे. सॉफ्टवेअर घ्यायचं ते यानंतर.

कुरिअर पाचला येत असेल तर ‘दुपारी दोनपर्यंतच्या ऑर्डरी आज’ असं मालकांकडून वेबसाइटवर लिहून घे. पाच वाजता आलेली ऑर्डर आजच्या उशिरात मोजणं हा निव्वळ अन्याय.

गुरुजी, तीन महिने तिला नोकरीबद्दल काही बोलू नका. त्यानंतर पत्र तिला स्वतःला लिहू द्या, सुरुवातीचे आणि शेवटचे आकडे शेजारी मांडून: त्याच दिवशी निघालेल्या ऑर्डरी, चुकीची गेलेली पार्सलं, दर पार्सलचा कुरिअर खर्च. चांगल्या कंपनीत मुलाखतीला जाताना हाच कागद तिने सोबत न्यावा. बायोडेटात काय लिहायचं तेही त्यावरूनच ठरवा.