पुण्यात सालसा नाइट चांगली कशामुळे होते? तीन महिने क्लास केलाय, एकटं गेलं तर चालेल का?

चालेल. पहिल्यांदा तर एकट्यानेच जा, असं मी सांगेन. घोळका बरोबर असला की रात्रभर त्याच टेबलाशी बसणं होतं आणि नाचायचं राहून जातं. मी नऊ वर्षं कोथरूडहून कोरेगाव पार्क, कल्याणीनगर, बाणेर असं सोशलला, म्हणजे सगळ्यांनी जमून जोडीने सालसा नाचायच्या अशा रात्रींना, जातेय, बहुतेक वेळा एकटीच.

नाइट चांगली आहे की नाही ते मला पहिल्या तासाभरात कळतं. नव्या माणसांशी जुने लोक कसं वागतात, तेवढंच मी बघते. बऱ्याच ठिकाणी आधी नवशिक्यांचा क्लास असतो. गोल करून उभं करतात, दर दोन-तीन मिनिटांनी पार्टनर बदलतात. क्लास संपून दिवे मंद झाले की हेच नवशिके भिंतीला जाऊन टेकतात. तेव्हा जुन्यांपैकी कोणी तिथवर जाऊन हात पुढे करतं का? माझ्या पहिल्या रात्री मी दीड तास भिंतीशी उभी होते. मग इंजिनिअरिंगला असलेली एक मुलगी आली. ती लीड करायची, म्हणजे जोडीत पुढची हालचाल ती ठरवायची. तिने अख्ख्या गाण्यात बेसिक, म्हणजे मूळ पावलं, आणि एक साधा टर्न, म्हणजे गिरकी, एवढंच केलं. माझा पाय चुकला की ती थांबायची आणि म्हणायची, "ताई, एक येऊ द्या." एक, म्हणजे आठच्या मोजणीतला पहिला ठोका, आला की पुन्हा सुरू. त्या चार-साडेचार मिनिटांत मी क्लासच्या तीन महिन्यांपेक्षा जास्त शिकले. जिथे चांगले नाचणारे आपापसातच नाचत राहतात, तिथे मी दुसऱ्यांदा जात नाही, फ्लोअरवर कितीही देखणा नाच चालू असला तरी.

तो 'एक' सापडत नाही, ही नव्या माणसाची खरी अडचण, आणि त्यात त्याची चूक नसते. आपले कान समेवर ठोका ऐकायला सरावलेले. सालसात बास, म्हणजे खालच्या सुरातलं तंतुवाद्य, बहुधा एकवर वाजतच नाही, आधीच्याच आठवर येऊन जातो. ज्या क्लावेवर, म्हणजे दोन काठ्यांच्या ठरलेल्या ठोक्यांवर, सगळं गाणं उभं असतं, त्याचे आठ मोजण्यांत पाचच ठोके असतात. तो दोन-तीनचा, म्हणजे आधी दोन आणि मग तीन ठोक्यांचा, असेल तर त्यातलाही एकही ठोका एकवर पडत नाही. म्हणून कोंगा, म्हणजे हाताने वाजवायचा उंच ढोल, ऐका. त्याचे दोन मोकळे, घुमणारे ठोके चारच्या शेवटी येतात आणि पुन्हा आठच्या शेवटी. त्यांच्या लगेच नंतर पाऊल. गाणं रंगात येऊन काउबेल, म्हणजे काठीने वाजवायची धातूची घंटा, सुरू झाली की आणखी सोपं, कारण तिचे जोरकस ठोके एक, तीन, पाच, सातवर असतात. घरी जुनी गाणी लावून नुसतं मोजत बसा. फानिया रेकॉर्ड्स ही कंपनी १९६४ मध्ये न्यूयॉर्कला सुरू झाली. तिच्या सत्तरच्या दशकातल्या रेकॉर्डवर सेलिया क्रूझ, हेक्टर लावो असे गायक आहेत आणि वाद्यं सुटी सुटी ऐकू येतात.

डीजे चांगला असेल तर सुरुवातीला संथ गाणी लावतो आणि वेगवान गाण्यांमागून दम खाऊ देतो. हल्ली पुण्यात बचाटाच जास्त वाजतो. तो डॉमिनिकन रिपब्लिकचा नाच, तीन पावलं आणि चौथ्याला टॅप. नवशिक्याला तो लवकर जमतो, मला आवडतोही. पण सालसा नाइट म्हणून बोलावून तासाला दोनच सालसा लावले की मला वाईट वाटतं. दोन सालसा, दोन बचाटा हे प्रमाण मला योग्य वाटतं.

आता विचारण्याबद्दल. समोरच्याच्या नजरेत बघून हात पुढे करा, मनगट धरून ओढू नका. गाणं संपलं की थँक्यू म्हणून त्यांना फ्लोअरच्या कडेपर्यंत सोडा. "नको" म्हणायला कारण द्यावं लागत नाही, तुम्हालाही नाही आणि समोरच्यालाही नाही. बचाटात किती जवळ नाचायचं, हे ज्याला जास्त अंतर हवं त्याने ठरवायचं. हे मी कळकळीने सांगतेय. एका ठिकाणी एक नेहमीचा माणूस मुलींना नको इतकं जवळ ओढायचा. मी आयोजकाला सांगितलं. "तो जुना आहे हो, तसा नाही," एवढंच उत्तर मिळालं. मी तिथे जाणं सोडलं. दुसऱ्या ठिकाणी अशाच तक्रारीवर त्या माणसाला त्याच रात्री बाहेर काढलं, आणि तिथे मी आजही माझ्या भाचीला घेऊन जाते. गेल्यावर आयोजक कोण ते आधी विचारून ठेवा.

बूट. रबरी तळाचे स्पोर्ट्स शूज घालून टर्न घेऊ नका. पाय फरशीला चिकटतो, अंग फिरतं आणि सगळा पीळ गुडघ्यावर येतो. मी पहिलं वर्ष तेच केलं आणि गुडघा दोन महिने दुखला. चामड्याचा किंवा स्वेडचा, म्हणजे मखमली पोताच्या चामड्याचा, तळ हवा. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी हॉटेलातली टेबलं बाजूला सारून फ्लोअर करतात, खाली गुळगुळीत टाइल्स असतात, त्यावर पाणी किंवा बिअर सांडली की स्वेड घसरतो. ग्लास घेऊन फ्लोअरवर कोणी येऊ देत नसतील तर ती जागा विचार करून चालवलेली आहे असं समजा. जादा टी-शर्ट आणि नॅपकिन न्या, जून-जुलैत तर दोन टी-शर्ट.

क्लास साडेआठचा असेल तर सव्वाआठला पोचा. पहिल्या रात्री चार-पाच गाणी नाचलात तरी पुष्कळ झालं. निघताना ज्यांनी तुम्हाला नाचायला घेतलं त्यांची नावं विचारून घ्या, म्हणजे पुढच्या वेळी दोन माणसं तरी ओळखीची असतील. आणि तेव्हा भिंतीशी कोणी नवीन उभं दिसलं तर तुम्हीच जा. तीन महिन्यांचा बेसिक त्याला पुरतो.