खडकाळ समुद्रात स्नॉर्केलिंग

प्रश्न : डिसेंबरात मालवणला स्नॉर्केलिंगसाठी (मास्क व श्वासासाठीची नळी लावून, पाण्यावर तरंगत समुद्राचा तळ पाहण्यासाठी) जाणार आहोत. माझे पोहणे टिळक जलतरण तलावापुरतेच. ते पुरेल काय?
– एक वाचक, कोथरूड, पुणे

उत्तर : लाइफ जॅकेट घालून तरंगायचे असल्याने तेवढे पुरते, मात्र सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीच्या खडकांवर लाटा फुटत असतील, तर पाण्यात उतरू नये. मास्कच्या कडेखाली केसांची एक बट अडकली, तरी पाणी आत झिरपते, म्हणून तो आधीच नीट बसवून पाहावा. तळ उथळ दिसला, तरी प्रवाळावर पाय टेकू नका, कारण तो निव्वळ दगड नसून सूक्ष्म जीवांची अतिशय मंद गतीने वाढणारी वसाहत आहे. त्याचा तुकडा घरी आणण्याचा मोह (आपल्याकडे तो फार!) वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा ठरतो. पाठ उन्हाने भाजू नये म्हणून पूर्ण बाह्यांचा टी-शर्ट घालावा.