हाँगकाँगला ३ दिवस जातोय, आईबाबा सोबत आहेत, काय काय बघावं?
सगळ्यात आधी स्टार फेरी, चिम सा चुईहून सेंट्रलला जाणारी, जेमतेम दहा मिनिटं लागतात पण वरच्या डेकवरच बसा, तिथल्या लाकडी बाकांची पाठ पुढे-मागे ढकलता येते म्हणजे बोट कुठल्याही दिशेला निघाली तरी आपलं तोंड पुढेच. माझी आई ठाण्याची, खाडी रोज बघणारी, तरी तिथे रेलिंग धरून गप्प उभी राहिली. रात्री आठला किनाऱ्यावरच थांबा, समोरच्या टॉवर्सवर लाइट शो असतो, फुकट. पीक ट्राम, म्हणजे व्हिक्टोरिया पीक या डोंगरावर चढणारी ट्राम, १८८८ पासूनची, चढ एवढा की बाहेरच्या बिल्डिंगी तिरक्या दिसतात, सकाळीच गाठा. लांताऊ बेटावरच्या मोठ्या बुद्धमूर्तीला २६८ पायऱ्या आहेत, गुडघे बघून ठरवा. ऑक्टोपस कार्ड (पैसे भरून वापरायचं प्रीपेड कार्ड) एअरपोर्टवरच घ्या, फेरी-मेट्रो सगळीकडे चालतं.