मायचं बोलणं लिहून ठेव

प्रिय बेटा,

तुझं पत्र आणि सोबतची दोन पानं मिळाली. मायच्या एकसष्टीला सगळ्या गोतावळ्यासमोर वाचणार आहेस, म्हणून शुद्धलेखन तपासून द्या असं लिहिलंस. तपासलं. वेलांट्यांच्या चार चुका सोडल्या तर भाषा चांगली आहे. पण वाचून झाल्यावर बराच वेळ पानं हातात धरून बसलो. त्याग, वात्सल्य, कष्टाचा डोंगर, झिजणारं चंदन, सगळं त्यात आहे. तुझी माय मात्र मला कुठे दिसली नाही. ही दोन पानं शेजारच्या घरातल्या मुलानं त्याच्या आईसाठी वाचली असती तरी एक शब्द बदलावा लागला नसता. तुझं तिच्यावर प्रेम आहे, त्याबद्दल मला तिळभर शंका नाही. म्हणूनच हे लिहितोय.

माझ्या मायचं सांगतो. आमचं धाब्याचं, म्हणजे मातीच्या सपाट छताचं घर, तापीपासून दोन कोसांवर. माय शाळेत गेली नव्हती. दुधाचा रतीब, दळणाचे पैसे, मजुरीचे दिवस, सगळा हिशोब ती चुलीजवळच्या भिंतीवर कोळशाच्या रेघांनी मांडायची. पाच रेघा झाल्या की आडवी काट. दुधाची रांग वेगळी, मजुरीची वेगळी. आणि कोनाड्याखाली आणखी एक रांग होती, लहान लहान रेघांची, वर्षानुवर्षं वाढत गेलेली. ती कशाची होती हे मी कधी विचारलं नाही. मास्तरकी लागली, पहिला पगार हातात आला, आणि त्या दिवाळीला मी मोठ्या हौसेनं घराला चुना मारला. स्वतःच्या हातानं. दोन हात दिले, भिंत दुधासारखी झाली. माय शेतातून आली, भिंतीसमोर थोडी थांबली आणि म्हणाली, "जाऊ दे, पुसाई गयं ते गयं." मग चूल पेटवायला बसली.

ती गेल्यावर मी मावशीला विचारलं, काकूला विचारलं. कोनाड्याखालची रांग कशाची, हे कुणालाच माहीत नव्हतं. मुलांना ती भिंत शिकवायची सोडून मी आयुष्यभर त्यांना आईवरचे निबंध लिहायला लावले, याची बोच आजही आहे.

आता आपल्याच जळगावकडे बघ. बहिणाबाई चौधरी 1880 साली असोद्याला जन्मल्या. अक्षरओळख नव्हती. तिशीत वैधव्य आलं, पदरात मुलं होती. शेतात राबताना, जात्यावर बसल्यावर गाणी सुचायची, ती त्या म्हणून मोकळ्या व्हायच्या. त्यांचा मुलगा सोपानदेव आणि त्याचा मावसभाऊ पितांबर यांनी त्यातली कानावर पडली तशी उतरवून घेतली. 1951 साली बहिणाबाई गेल्या. पुढे सोपानदेवांनी ती वही आचार्य अत्र्यांना दाखवली आणि 1952 साली ती गाणी पुस्तकरूपानं महाराष्ट्राच्या हाती आली. आज त्यांचं नाव आपल्या विद्यापीठाला आहे. सोपानदेव स्वतः कवी होते, मायवर गौरवाच्या ओळी लिहिणं त्यांना अवघड नव्हतं. पण त्यांनी मायचे शब्द मायच्याच बोलीत जपले, हे ऋण मला फार मोठं वाटतं. आणि जी गाणी त्या वेळी कुणी टिपली नाहीत, ती शेतातल्या वाऱ्यावरच राहिली.

तुझी माय गाणी रचत नसेल. तिच्याकडे दुसरं काही असेल, तू विचारलंस की कळेल. पण "माय, तू आमच्यासाठी काय काय सोसलंस?" असं विचारू नकोस. ती "मी काय केलं रे?" म्हणेल आणि ताट वाढायला उठेल. हाताशी काम असताना विचार. आता आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला जाशील तेव्हा बिबड्यांचे, ज्वारीच्या पापडांचे दिवस असतील. ज्वारी भिजवलेली असेल, दळून आलेली असेल. पहाटे चारला उठून तिच्याजवळ चुलीपाशी बस. आधणात तीळ, लसूण, मिरची पडते, पीठ पडतं आणि मग तो घाटा चाटूनं ढवळताना खांद्यापासून हात भरून येतो. चाटू तू हातात घे. आणि विचार, घाटा शिजला हे तुला कशावरून कळतं? माझी माय थेंबभर घाटा पाण्यात सोडून बोटानं दाबून बघायची. बोटाला काय लागलं की ती चाटू थांबवायची, ते मला माहीत नाही. आमच्या घरात आता तसे बिबडे होत नाहीत.

धाब्यावर ओल्या धोतरावर बिबडे थापताना ती आपोआप बोलायला लागेल. तिच्या मायबद्दल बोलेल, लग्नाआधीच्या आखाजीबद्दल, झोक्यावरच्या गाण्यांबद्दल. तिला तेव्हा घरात कोणत्या नावानं हाक मारायचे ते विचार. ती कुणाची तरी लाडकी पोर होती, हे आपण मुलं फार उशिरा लक्षात घेतो. ती कुणावर चिडली, कशासाठी अबोला धरला, तेही ऐक आणि लिही. देव्हाऱ्यात बसवलेल्या बाईला कुणी काही विचारत नाही.

मोबाइलवर आवाज धरणार असशील तर तो खिशात ठेव, तोंडासमोर नको. आणि लिहिताना तिची अहिराणी पुण्याच्या मराठीत बदलू नकोस. ती "माले" म्हणाली तर "माले"च लिही.

तू पाठवलेली दोन पानं सोबत परत पाठवतोय, फाडू नकोस. एकसष्टीला वाचायला नवीन पानं आखाजीनंतर लिही. दहा ओळी झाल्या तरी चालतील, एकसष्टीला अजून वेळ आहे. मला पाठवशील तेव्हा तिच्या बोलण्यातलं शुद्धलेखन मी तपासणार नाही.

मायला माझा नमस्कार सांग.

तुझा,
गुरुजी